तेरा वर्षांनी पुन्हा हिशोबाला बसताना

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नागपूरला, त्रिमूर्तीनगरात राहते. वय ३९, शिक्षण बी.कॉम. लग्नाआधीची आणि नंतरची मिळून साडेचार वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. व्हॅटचं २३१ नंबरचं विवरण मीच भरायची, सर्व्हिस टॅक्सचं चलनही. २०१२ मध्ये मुलगी सातव्या महिन्यातच झाली, फार नाजूक होती, म्हणून नोकरी सोडली. मग मुलगा झाला, मग सासऱ्यांचं आजारपण निघालं. बघता बघता तेरा वर्षं गेली. आता मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत आहे.

गेल्या महिन्यात एका ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. बायोडाटा पाहून म्हणाला, ‘मॅडम, तेरह साल का गॅप है. इतने साल किया क्या आपने?’ मला एक शब्द सुचला नाही. ‘घर पे थी’ म्हटलं आणि मान खाली गेली. शेवटी ते म्हणाले, तीन महिने बिनपगारी या, शिका, मग बघू. घरी आल्यावर यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘तुला घरी काय कमी आहे? आणि पोरगी आता महत्त्वाच्या वयात आहे.’ सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावू या का, असं विचारलं तर उठून आत गेल्या. तसा माझा वेळ रिकामा जात नाही, आमच्या २४ फ्लॅटांच्या मेन्टेनन्सचा हिशोब चार वर्षांपासून माझ्याकडेच आहे, भिशीचाही. पण त्याला कोण नोकरी म्हणणार? जीएसटीतलं मला ओ की ठो कळत नाही. माझा हातच गेला असं वाटतं. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या मुलाखतीतल्या प्रश्नाने जीव कळवळला. दुसऱ्यांदा मात्र मेन्टेनन्सच्या ओळीवर थांबले. ‘तसा माझा वेळ रिकामा जात नाही’ एवढ्यात तुम्ही ती उरकलीत, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

चोवीस घरांची वर्गणी दर महिन्याला गोळा होते. कोणी रोख देतं, कोणी मोबाइलवरून पाठवतं, कोणी दोन-दोन महिने फिरवतं. पावत्या तुम्ही फाडता. लिफ्टच्या देखभालीचं बिल, चौकीदाराचा पगार, जिन्यातल्या दिव्यांचं मीटर, मे महिन्यातले पाण्याचे टँकर, सगळं तुमच्याच हातून जातं. वर्षअखेरीला सभेत जमाखर्चही तुम्हीच वाचून दाखवत असाल. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद म्हणजे याहून वेगळं काय असतं? कारखान्यात तुम्ही हेच करत होता, रकमा तेवढ्या मोठ्या होत्या. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते कामच नाही, हे आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं जातं की शेवटी आपणच ते म्हणू लागतो. मला याचा फार राग येतो.

म्हणून पहिलं काम बायोडाटाचं. २०१२ नंतरची जागा कोरी सोडू नका आणि तिथे ‘होम मॅनेजर’ असलं काहीही लिहू नका. हल्ली असं लिहायला शिकवतात. ते वाचून समोरच्याला वाटतं की लपवण्यासारखं काहीतरी आहे. सरळ लिहा : २०१२ पासून मुलांच्या संगोपनासाठी घरी. त्याखाली लिहा : गेली चार वर्षं २४ सदनिकांच्या इमारतीचा जमाखर्च, वसुली आणि वार्षिक हिशोब. दोन ओळी. दोन्ही खऱ्या.

आता जीएसटीचं. मी स्वतः आठ वर्षं घरी होते आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये धंतोलीतल्या एका ऑफिसात परत रुजू झाले. जीएसटी १ जुलैला लागला होता, म्हणजे जेमतेम महिन्याभराचा. ऑफिसात विक्रीकरात तीस वर्षं घालवलेले एक काका होते. सगळे अडलं की त्यांच्याकडे जायचे. त्या महिन्यात मात्र काका रोज सकाळी लवकर येऊन, चष्मा कपाळावर चढवून, छापील नियम ओळीखाली पट्टी धरून वाचत बसलेले असायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ‘ये, बस. हे तुलाही नवं अन् मलाही नवं.’ त्या वाक्यावर मी पुढचे सहा महिने काढले.

पहिल्याच दिवशी मला चेकची एक नोंद करायला दिली. संगणकासमोर बसले, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि काही आठवेना. हात कीबोर्डवर तसाच ठेवून बसले, आणि बोट आपोआप एफ५ वर गेलं. पेमेंट व्हाउचर उघडलं. बोटांच्या लक्षात होतं. तुमच्याही असेल. त्याची नवी आवृत्ती टॅलीप्राइम २०२० च्या नोव्हेंबरात आली, पडदा बराच बदलला, पण एफ५ ला पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ८ ला सेल्स आणि एफ९ ला परचेस हे आजही तसंच आहे.

जे बदललंय तेही तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही. समजा, एका कारखान्याने १ लाखाचा कच्चा माल घेतला आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये कर दिला. तयार माल दीड लाखाला विकला, त्यावर २७,००० कर गिऱ्हाइकाकडून घेतला. सरकारला भरायचे ९,०००. व्हॅटमध्ये याला तुम्ही सेट-ऑफ म्हणत होता, आता इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. तत्त्व तेच. फरक एवढाच की पूर्वी बिल फायलीत असलं की काम भागायचं. आता माल देणाऱ्याने आपलं बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवलं तरच ते तुमच्या पार्टीच्या (ज्याचा हिशोब तुम्ही ठेवता त्याच्या) टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, दिसतं, आणि दिसलं तरच क्रेडिट मिळतं. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण जातं, १४ ला टू-बी तयार होतं, २० पर्यंत थ्री-बी हे कर भरायचं विवरण भरायचं. त्याआधी ७ तारखेला टीडीएसचा भरणा. १४ ते २० हे दिवस अकाउंटंटचे फोनवर जातात : ‘भाऊ, तुमचं बिल दिसत नाही, टाकलं का?’ गोड बोलून, न भांडता, पण पिच्छा न सोडता. दोन महिने वर्गणी थकवणाऱ्या शेजाऱ्याकडून पैसे काढण्याची चार वर्षांची सवय तुम्हाला आहे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना नेमकं हेच जड जातं.

आणखी एक गोष्ट पाहा. तुम्ही घरी होता तेव्हा २०१३ मध्ये नागपुरात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेलाही. तो शिकणाऱ्यांची ती मेहनत आज कोणी विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये आल्या, तेव्हा सगळ्या ऑफिसांत दरांच्या याद्या नव्याने केल्या गेल्या. १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा. तोंडपाठ असलेले कलमांचे नंबर बदलतात, ‘आकारणी वर्ष’ हा शब्दही जातो. म्हणजे जे तेरा वर्षं खुर्चीवर होते त्यांनाही पुन्हा पाटी हातात घ्यावी लागते. परतायला याहून बरी वेळ मला तरी दिसत नाही.

शिकायचं कसं? टॅलीप्राइम एज्युकेशन मोडमध्ये पैसे न भरता वापरता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढं पुष्कळ. दुसऱ्याची खोटी उदाहरणं घेऊ नका. तुमच्या इमारतीचा मागच्या बारा महिन्यांचा हिशोब त्यात घाला. चोवीस सभासदांची चोवीस लेजर, बँक, रोख, खर्चाची खाती. मग बँकेच्या पासबुकाशी ताळा घ्या. एक-दोन ठिकाणी फरक येईलच, तो शोधा. त्या शोधण्यात जितकं परत येतं तितकं कोणत्याही क्लासात येत नाही. जीएसटीच्या विवरणांसाठी मात्र चांगला, छोटा क्लास लावा. फी भरण्याआधी विचारा की प्रत्यक्ष विवरण भरायला बसवतात का. नुसतं फळ्यावर शिकवत असतील तर जाऊ नका. सहा ते आठ आठवडे रोज दोन तास द्या.

मग मुलाखत. आपल्या गावात ती बरेचदा हिंदीत होते, म्हणून उत्तर हिंदीतच, मोठ्याने, घरात कोणी नसताना दहा वेळा म्हणा. मुलं लहान होती म्हणून घरी होते. चार वर्षांपासून २४ फ्लॅटांचा हिशोब पाहते, तो टॅलीप्राइमवर घातलाय, ताळेबंद सोबत आणलाय, दाखवू का? एवढं बोलून थांबायचं. पुढे सारवासारव करायची नाही, माफी तर मुळीच मागायची नाही. छापील ताळेबंद टेबलावर ठेवला की बोलणं गॅपवरून कामावर येतं. सभासदांची नावं मात्र त्यातून काढून टाका, फ्लॅट नंबर पुरे.

बिनपगारी तीन महिने? नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. एखादा दिवस बसवून काम पाहिलं तर हरकत नाही, पण महिना भरला की पगार मिळाला पाहिजे, थोडा का असेना. किमान वेतनाचा कायदा दुकानं-आस्थापनांतल्या नोकरांनाही आहे. मला २०१७ मध्ये ७,५०० ठरले होते. कोणत्या पार्ट्यांचं काम मी एकटीने केलं ते एका वहीत लिहीत गेले, सहा महिन्यांनी ती वही घेऊन साहेबांसमोर बसले आणि १०,५०० करून घेतले. फुकटावर सुरू केलं असतं तर कशावर वाढ मागितली असती?

नोकरी शोधताना फक्त मोठ्या ऑफिसांकडे पाहू नका. इतवारी, गांधीबागेतल्या किराणा, कापड, भांड्यांच्या पेढ्यांना विश्वासाचा माणूस हवा असतो, आणि त्यातले कित्येक दुपारी चार-पाच तासांसाठीच अकाउंटंट ठेवतात. तुमच्यासाठी हे सोयीचं आहे. सुभाषनगरहून मेट्रोच्या अॅक्वा लाइनने गाडी न बदलता अग्रसेन चौकापर्यंत जाता येतं. हे मुद्दाम सांगते, कारण नोकरी जानेवारीत गोड वाटते. परीक्षा मे महिन्यात असते, जेव्हा दुपारी एकला पंचेचाळीस डिग्रीत तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी काढायची असते. पहिल्या वर्षी घरून अर्ध्या तासापलीकडचं काम घेऊ नका.

घरच्यांबद्दल. ‘काय कमी आहे’ या प्रश्नाचं उत्तर देत बसू नका, त्याला अंत नाही. पण मुलीबद्दलची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्या. ती शाळेतून किती वाजता येते, तुम्ही किती वाजता याल, मधले तास-दीड तास कोण घरी असेल, हे कागदावर मांडा आणि मग यांच्यापुढे ठेवा. आणि मुलीला विचारा. तेरा वर्षांच्या मुलीचं याबद्दल स्वतःचं मत असतं, ते पुष्कळदा आपल्या बाजूचं निघतं.

सासूबाईंचं उठून जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या सासूबाई, मूळच्या अकोटकडच्या, मी नोकरीचं काढलं तेव्हा तीन दिवस गप्प होत्या. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ पाट घेऊन बसले आणि विचारलं, ‘तुम्हाला काय वाटते, सांगा ना.’ त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘तू जाय वं, म्या कुठं नाही म्हणून राहिली? पण माह्यानं आता दोन्ही टायमाच्या पोळ्या होत नाही.’ एवढंच होतं. मी त्यांना विरोधात धरून चालले होते, आणि त्या मनातल्या मनात आपल्या दुखऱ्या मनगटाचा हिशोब करत होत्या. तुमच्या सासूबाईंना ‘बाई लावू या का’ असं परस्पर ऐकल्यावर काय वाटलं असेल, हे त्यांनाच विचारा. कदाचित सगळा भार आपल्यावर पडणार ही भीती असेल, कदाचित बाहेरच्या हातची पोळी नको असेल. दोन्हीवर उपाय वेगळे. आमच्याकडे संध्याकाळी बाई आल्या आणि सकाळचे डबे यांनी घेतले. हे सगळं रुजू व्हायच्या आधी ठरवा. नंतर ठरवू म्हटलेलं नंतर बाईच्याच अंगावर येतं.

जाता जाता : कारखान्यात तुमचा पीएफ कापला जात होता का? काढला नसेल तर जुनं पगारपत्रक शोधून नंबर पाहा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, २०१४ मध्ये आला, म्हणजे तुमचं खातं त्याच्या आधीचं असल्याने आपोआप जोडलेलं नसणार. नोकरी सोडली म्हणून त्यावरचं व्याज थांबत नाही, आणि पेन्शनची रक्कम उचलली नसेल तर जुनी साडेचार वर्षं नव्या नोकरीला जोडता येतात. पेन्शनला दहा वर्षं लागतात. तुमची निम्मी जवळजवळ झालीत.

प्रश्न : मी काटोल रोडला राहते. वय ३६, खुल्या प्रवर्गात. २०११ मध्ये बी.एससी., बी.एड. केलं, पण शाळेत शिकवलं फक्त एक वर्ष. आता धाकटी शाळेत जायला लागली. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जमेल का?

उत्तर : जमेल, पण दिवस मोजून चाला. खुल्या प्रवर्गाला शिक्षकभरतीची वयोमर्यादा ३८ आहे, म्हणजे एखादी जाहिरात हुकली तर हुकलीच. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. बी.एड.वाल्यांनी पहिली ते पाचवीच्या पेपर एकवर वेळ घालवू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर प्राथमिकला बी.एड. चालत नाही. तुम्ही सहावी ते आठवीचा पेपर दोन द्या, गणित-विज्ञान घेऊन. १५० पैकी ९० गुण हवेत. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही वेगळी परीक्षा आहे, नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. दोन्हींची तयारी एकदम सुरू करा. मधल्या काळात जवळच्या खासगी शाळेत रजेवरच्या शिक्षिकेच्या जागी काम मिळालं तर जरूर घ्या. वर्गात उभं राहण्याची सवय पुस्तकातून येत नाही.

प्रश्न : मी नंदनवनला राहतो. पत्नी एम.एससी. आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. तिला एका लॅबमध्ये १४,००० पगार सांगितलाय. पाळणाघर ५,०००, स्वयंपाकाच्या बाई ३,०००, तिच्या गाडीचं पेट्रोल १,५००. हातात राहणार साडेचार हजार. एवढ्यासाठी ही ओढाताण कशाला, असं मी म्हटलं, तर तिने बोलणं बंद केलंय. माझं काय चुकलं?

उत्तर : तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, खातं चुकलंय. पाळणाघर आणि स्वयंपाक मिळून ८,००० रुपये तुम्ही तिच्या एकटीच्या पगारातून वजा केलेत. मुलगा दोघांचा आहे आणि जेवताही दोघं. रोज सकाळी तुम्ही निश्चिंत कामावर जाता ते कोणीतरी घरी मुलाला सांभाळतं म्हणून, पण तुमच्या पगारातून तो खर्च तुम्ही आजवर कधी वजा केला नसेल. निम्मा निम्मा टाका, म्हणजे तिच्या हातात साडेआठ हजार येतात. शिवाय हे पाळणाघर दोन-तीन वर्षांचं. तिने आणखी पाच वर्षं घरी काढली तर तिच्या एम.एससी.ला लॅबमध्ये आजचे १४,००० तरी कोण देईल, याचाही विचार करा. आणि ती लॅब मोठ्या हॉस्पिटलची असेल तर तिला विचारायला सांगा : ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने मालकावर आहे.

आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन म्हणा की हिशोब चुकला, पुन्हा मांडू या. आणि मुलाला सकाळी पाळणाघरात कोण सोडणार आणि संध्याकाळी कोण आणणार, हे तुमच्या पत्रात नाही. सोडणं तुम्ही घ्या.